खरा फोटो की छापील चित्र? जुनी अमेरिकन पोस्टकार्डं ओळखताना

कोलोरॅडोतलं डुरँगो हे छोटं शहर रेल्वेनेच वसवलेलं. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड कंपनीने १८८० मध्ये ते आखलं, १८८१ मध्ये गाडी आली आणि १८८२ मध्ये तीन फुटी रूळ सिल्व्हर्टनच्या खाणींपर्यंत पोचले. अशा गावांची जुनी दृश्यं शोधायला लागलं की हाती बरीचशी पोस्टकार्डंच येतात: मुख्य रस्त्यावरची दुकानं, हॉटेल, डेपो. (डेपो म्हणजे तिथलं रेल्वे स्टेशन, एसटीचा नव्हे.) आकार तोच, पाठ तशीच, पण ही कार्डं दोन अगदी वेगळ्या जातींची असतात.

पहिली जात ‘रिअल फोटो’ कार्डांची. निगेटिव्हमधून आलेला उजेड थेट फोटोच्या कागदावर पडतो आणि त्या कागदाच्या पाठीवर पोस्टकार्डाचा मजकूर असतो. कोडॅकने १९०३ मध्ये ३ए कॅमेरा आणला, त्याची निगेटिव्हच पोस्टकार्डाएवढी होती. त्यामुळे गावातला फोटोग्राफर एखाद्या वाण्याच्या दुकानाची दहाच कार्डंही काढून देऊ शकत होता. मार्च १९०७ पासून पत्त्याच्या बाजूलाच निरोप लिहायची मुभा मिळाली आणि कार्डांची लाटच आली.

दुसरी जात छापखान्यातली. तिच्याही मुळाशी फोटोच असतो, पण तो दूर कुठेतरी जाई. पहिल्या महायुद्धाआधी बरीच कार्डं जर्मनीत छापली जात, शिकागोत कर्ट टाइश यांचा मोठा छापखाना होता. काळ्यापांढऱ्या फोटोला तिथे रंग चढे, विजेच्या तारा पुसल्या जात, भर दुपारच्या रस्त्यावर चंद्रही उगवे.

ओळखायचं कसं? सराफाकडे असतं तसं दहापट भिंग घ्या. छापील कार्डावर वर्तमानपत्रातल्या चित्रासारखे ठिपके दिसतात, फोटोत छटा सलग असतात. कोलोटाइप पद्धतीने (जिलेटिनचा थर दिलेल्या काचेवरून) छापलेल्या कार्डावर मात्र असे ओळीतले ठिपके नसतात, तिथे फसगत होते. मग कार्ड तिरपं धरून पाहा: जुन्या फोटोच्या गडद भागांत बरेचदा चांदीसारखी झाक येते. रंग दिसला म्हणून छापील समजू नका, खऱ्या फोटोवर हाताने रंग भरल्याचंही आढळतं.

हा फरक फक्त संग्राहकांच्या कामाचा नाही. दुकानाची पाटी किंवा इंजिनाचा नंबर वाचायचा तर फोटोकार्डच हवं. छापील कार्ड मोठं करत गेलं की अक्षरं ठिपक्यांत विरतात.

छापील कार्डाची जमेची बाजू म्हणजे गावाचं नाव छापलेलं असतं. टाइशच्या कार्डांवरच्या क्रमांकात सालही दडलेलं असतं: ५ए म्हणजे १९३५, ५बी म्हणजे १९४५. फोटोकार्डावर नाव असलंच तर हाताने लिहिलेलं, निगेटिव्हवर काळ्या शाईने उलटं लिहिलं की कार्डावर पांढरं सुलटं उमटे. काळाचा माग लागतो तो पाठीवरच्या, तिकीट चिकटवायच्या चौकटीवरून. तिथे ‘अझो’ हे फोटोच्या कागदाचं नाव आणि टोक वर असलेले चार त्रिकोण असले, तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला. तो काळ कागदाचा झाला, दृश्य त्याहून जुनं असू शकतं.

आणि डेपोच्या भिंतींचा रंग छापील कार्डावरून कधीही ठरवू नका. रंग भरणाऱ्याने ते गाव पाहिलेलं असेलच असं नाही.