आप्पांचा रेडिओ आणि अर्धाच आलेला तानपुरा

शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा. १९५२ पासून चालू असलेला. चोपड्याजवळ आमचा केळीचा मळा, पाण्याच्या मोटारीची लाइट बहुतेक रात्रीचीच यायची, म्हणून पाणी भरायला आप्पा आणि सोबत मी, एक बॅटरी आणि ट्रान्झिस्टर. माय एकदा डबा घेऊन आली, पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "त्यानं पोट दुखी ऱ्हायनं का रे?" गाणारे मोठे बुवा होते, नाव नाही सांगत.

मोटार चालू झाली की रेडिओत खर्रर्र सुरू व्हायचं, मग आप्पा ट्रान्झिस्टर बांधावर ठेवून हळूहळू गोल फिरवायचे, आणि एका ठिकाणी आणला की खर्र एकदम कमी. मला ती जादू वाटायची. नंतर एक मेलेला रेडिओ उघडला तेव्हा आत बोटाएवढी काळी फेराइटची कांडी दिसली, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, तोच त्याचा अँटेना. ही कांडी आपल्या अंगाला आडव्या येणाऱ्या लहरी चांगल्या पकडते आणि टोकाच्या दिशेनं येणाऱ्या जवळजवळ सोडूनच देते. म्हणजे आप्पा कांडीचं टोक मोटारीकडे करत होते. त्यांना कांडी माहीत नव्हती, टोक बरोबर माहीत होतं.

आता खरा मुद्दा. आप्पांचा रेडिओ लागायचा तो मीडियम वेव्हवर. तिथं आपल्याकडे दोन स्टेशनांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात आणि त्या जागेत एकाच आवाजाच्या दोन सारख्या बाजू बसवाव्या लागतात, त्यामुळे प्रत्यक्ष आवाजाला उरतात फक्त साडेचार हजार हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं; आकडा जितका मोठा तितका स्वर उंच. तरुण कान वीस हजारापर्यंत ऐकतो, एफएम पंधरा हजारापर्यंत देतं. म्हणजे वरचा सगळा माल स्टेशनवरच उतरवून घेतला. खालून काय होतं, तर ट्रान्झिस्टरचा स्पीकर वाटीएवढा, साधारण दोनशे हर्ट्झच्या खाली त्याचा श्वास पुरत नाही. दोन्हीकडून छाटलेला आवाज, आणि त्यात आम्ही ख्याल ऐकत होतो!

यात सगळ्यात जास्त मार बसतो तानपुऱ्याला. बुवांची पट्टी काळी एक (पेटीवरची पहिली काळी) धरली तर सा साधारण १३८ हर्ट्झ, खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९. तार छेडली की नुसते ६९ निघत नाहीत, १३८, २०७, २७६ अशी त्याच्या पटीतली मोठी रांग निघते. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, जवारीचा दोरा सरकवून ही रांग आणखी वरपर्यंत चेतवतात, सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच्यावर लिहिलंय, की या सपाट घोडीमुळे साध्या तारेच्या नियमानं जे स्वर उमटायलाच नकोत तेही उमटतात. तानपुऱ्याचं ते झंकारत वर-खाली सरकणारं तेज म्हणजे हेच. त्यातलं साडेचार हजाराच्या वरचं मीडियम वेव्हवर येतच नाही, म्हणून रेडिओतला तानपुरा थोडा झोपलेला वाटतो.

पण खर्ज मात्र ऐकू येतो! स्पीकर ६९ देऊच शकत नाही, १३८ सुद्धा जेमतेम, तरी तो "घुं" स्पष्ट असतो. कारण २०७, २७६, ३४५ हे कानात पोचतात, त्यांच्यातलं अंतर दरवेळी ६९, आणि मेंदू त्यावरून ठरवतो की खाली ६९ असणारच. नसलेला स्वर आपणच भरतो. खोटं वाटत असेल तर साध्या फोनचं बघा, जुनी फोनलाइन तीनशेच्या खालचं नेतच नव्हती आणि पुरुषाचा आवाज शंभर-सव्वाशेवर असतो, पण म्हणून पुण्याहून काकांचा फोन आला तर काकू बोलतेय असं कधी वाटलं का?

आणि गळा? गळा तर या चिंचोळ्या नळीतून सुखरूप जातो, आणि याचं कारण ऑपेरावाल्यांकडे, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकवाल्यांकडे, जास्त स्वच्छ दिसतं. ऑपेराचा गायक माइक न घेता सत्तर-ऐंशी वाद्यांच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. ताकदीनं म्हणाल तर वाद्यवृंद त्याला कधीच हरवेल. योहान सुंडबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात दाखवलं, की वाद्यवृंदाचा जोर पाचशे हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त असतो आणि वर जाताना घसरत जातो, आणि तयार गायक स्वरयंत्र खाली घेऊन त्याच्या लगेच वरची नळी अशी आवळतो की तीन हजाराच्या आसपास आवाजाला वेगळाच उंचवटा येतो. जिथं वाद्यं दमली तिथं हा घुसतो. (फार उंच गाणाऱ्या बायकांचं तंत्र वेगळं असतं.) त्यात आपल्या कानाची नळी अडीच सेंटीमीटरची, ती पण तीन हजाराच्या जवळपासच घुमते. आता हे तीन हजार साडेचार हजाराच्या आत बसतात की नाही?

१३ जानेवारी १९१० ला ली द फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातून कारूसो या इटालियन गायकाचं गाणं रेडिओनं हवेत सोडलं तेव्हा ऐकणाऱ्यांना बरीच खरखरच मिळाली. पण १९३१ च्या नाताळात तिथलं अख्खं ऑपेरा रेडिओवर गेलं आणि नंतर ते वर्षानुवर्षं चाललं. माझ्या मते गळा टिकला नसता तर नुसत्या व्हायोलिनवर एवढी वर्षं कुणी बसलं नसतं.

एक गाढवपणा सांगतो. जळगाव नीट लागलं नाही तर आप्पा लांबचं स्टेशन लावायचे, कार्यक्रम सगळीकडे तोच. दिवसा आकाशातला खालचा थर या लहरी पिऊन टाकतो, सूर्य बुडाला की तो थर विरतो, मग लहरी शंभर-दीडशे किंवा आणखी किलोमीटर वर जाऊन आपटून परत खाली येतात. वेगवेगळ्या वाटेनं आलेल्या लहरी कधी एकमेकींना धरतात, कधी मारतात, आणि आवाज लाटेसारखा येतो-जातो. मी कित्येक वर्षं समजत होतो की बुवा मुद्दाम आवाज लांब नेऊन परत आणतात, काय ती तयारी!

मागच्या दिवाळीत भाच्यानं आप्पांना मोबाइलला मोठा स्पीकर जोडून तोच राग लावून दिला. तानपुरा लखलखीत, तबल्याच्या बायाँनं खिडकीची काच थरथरली. आप्पा गप्प. म्हटलं आवडलं नाही का, तर नुसती मान हलवली. मग मी गंमत म्हणून ॲपमधल्या पट्ट्या ओढल्या, दोनशेच्या खालचं सगळं बंद, साडेचार हजाराच्या वरचं बंद. तानपुरा झोपला, बायाँ कागदी झाला.

आप्पांनी डोळे मिटले. "हां, आते रेडिओ लागना."