अमेरिकेतला द्विभाषिक स्कूल सायकॉलॉजिस्ट

द्विभाषिक स्कूल सायकॉलॉजिस्ट म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी शाळांमधला असा मानसशास्त्रज्ञ, ज्याला इंग्रजीसोबत मुलाच्या घरची भाषा, बहुतेक वेळा स्पॅनिश, चांगली येते आणि मुलाला स्पेशल एज्युकेशनची (शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठीच्या खास शिक्षणाची) गरज आहे का हे जो दोन्ही भाषांत तपासतो. हा औषधं लिहून देत नाही (सायकिअ‍ॅट्रिस्ट वेगळा, आपल्या लोकांत हा घोळ फार) आणि नुसता दुभाषाही नाही. त्याच्यापुढे मुख्य प्रश्न एकच असतो: पोरगं मागे पडतंय ते इंग्रजी अजून अंगवळणी पडलं नाही म्हणून, की शिकण्यातच अशी काही अडचण आहे जी कुठल्याही भाषेत आड आली असती? डोकेदुखी अशी की कधी कधी दोन्ही खरं असतं.

ही सोय कोणी आपणहून दिलेली नाही, भांडून मिळालीय. १९१३ च्या सुमाराला हेन्री गोडार्ड या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, बोटीतून नुकत्याच उतरलेल्या स्थलांतरितांना दुभाष्यामार्फत बिनेच्या बुद्धिमापन टेस्ट देऊन त्यातले बहुतेक मंदबुद्धीचे आहेत असं ठरवून टाकलं होतं. पुढे शाळांमध्येही फार वेगळं काही चाललं नव्हतं. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात डायना खटला झाला, त्यात स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली ९ मुलं होती, त्यांचा आयक्यू इंग्रजीत काढून त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलेलं, आणि स्पॅनिशमध्ये पुन्हा तपासल्यावर त्यातली बहुतेक त्या वर्गाच्या मर्यादेच्या वर निघाली. तडजोड झाली आणि मुलाला त्याच्या पहिल्या भाषेत तपासायचं हे राज्याने कबूल केलं. १९७५ च्या केंद्रीय कायद्यानंतर हे देशभर आलं. तोच कायदा १९९० पासून ‘आयडिया’ नावाने चालतो. त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत: अगदीच अशक्य नसेल तर टेस्ट मुलाच्या भाषेत घ्यायची, आणि निव्वळ इंग्रजी कमी येतं म्हणून अपंगत्व ठरवायचं नाही.

उलट बाजूचं नुकसान, म्हणजे खरी अडचण असूनही मदत न मिळणं, मात्र कमी बोललं जातं, खरं तर ते आता जास्त बोलायला हवं. जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ पासून पुढे मांडलं की मैदानावर, डबा खाताना लागणारं बोलीचं इंग्रजी साधारण २ वर्षांत येतं पण अभ्यासाचं इंग्रजी यायला ५ ते ७ वर्षं लागतात. मुद्दा बरोबर आहे, पण त्याचा आधार घेऊन शाळा ‘थांबा, आधी इंग्रजी येऊ दे’ म्हणत राहतात आणि ज्याला खरंच डिस्लेक्सिया (वाचन-लेखनाची मुळातली अडचण) आहे ते पोर चौथीपर्यंत तसंच ढकललं जातं.

प्रत्यक्ष तपासणीत टेस्टचा भाग निम्माच समजा. आधी घरची माहिती: पहिला शब्द कधी बोलला, आजीशी कुठल्या भाषेत बोलतो, गोष्ट सांगताना तिथेही अडखळतो का. दोन्ही भाषांत तीच अडचण दिसली तर शंका बळावते, फक्त इंग्रजीत दिसली तर सहसा भाषा अजून शिकणं चालू आहे असं समजतात. मग वर्गात बसून निरीक्षण, मग एखादी गोष्ट थोडी शिकवून परत विचारणं, म्हणजे शिकवल्यावर किती पटकन उचलतो ते कळतं. टेस्टचं नुसतं भाषांतर करून चालत नाही कारण प्रश्नाची काठिण्यपातळीच बदलते. आकडे ऐकून परत म्हणायची साधी टेस्ट घ्या, स्पॅनिशमधले आकडे उच्चारायला इंग्रजीपेक्षा लांब, त्यामुळे तेवढेच आकडे लक्षात ठेवायला जड जातात, यात स्मरणशक्तीचा काही दोष नाही. स्पॅनिशसाठी वेक्सलरच्या बुद्धिमापन टेस्टची स्पॅनिश आवृत्ती, ‘बातेरिया’ वगैरे तयार टेस्ट आहेत. मराठीला तिथे तशी सोय नाही, मग खाणाखुणांनी घेता येणाऱ्या ‘युनिट’, ‘लायटर’सारख्या टेस्ट वापरतात, पण त्यातून वाचनाची अडचण थोडीच कळणार.

न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला मराठी घरं भरपूर आहेत, पण शाळेत मराठी बोलणारा सायकॉलॉजिस्ट मिळणं नशिबाची गोष्ट, त्यामुळे दुभाष्यावर भागवावं लागतं (तो घरचा काका किंवा मोठी बहीण नसावा, हे महत्त्वाचं). मराठी माहीत नसलेल्याला काही गोष्टी हमखास चकवतात. मराठीत ‘पंचवीस’ सांगितल्यावर मुलाने ५२ लिहिलं तर लगेच आकडे उलटे लिहितो अशी नोंद होऊ शकते, पण आपल्याकडे एकक आधी बोलतात, म्हणून तर २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ आणल्यावर एवढा गदारोळ झाला. इंग्रजीतला ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ सारखाच उच्चारणं हाही वाचादोष नव्हे, घरी तसंच ऐकलंय पोराने.

आईबापांना कोणीतरी हमखास सल्ला देतं की घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. दोन भाषांमुळे ऑटिझम किंवा भाषेची अडचण होते किंवा वाढते असं संशोधनात दिसलेलं नाही, उलट मराठी बंद केली की आजीशी बोलणं मात्र तुटतं.

भारतात असं वेगळं पद नाही. व्ही. व्ही. कामत या अभ्यासकांनी बिनेच्या टेस्टचं मराठी आणि कन्नड रूपांतर केलं ते स्वातंत्र्याच्या आधीच, आणि डिस्लेक्सियासाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने बनवलेली ‘डाली’ ही टेस्ट हिंदी, मराठी, कन्नड, इंग्रजीत आहे, म्हणजे साधनं थोडीफार आहेत.

शेवटी मीटिंग होते, त्यात मुलाचा आयईपी म्हणजे शिक्षणाचा लेखी प्लॅन ठरतो. आपले पालक इथे हमखास ‘मॅडम, तुम्ही म्हणाल तसं, सही कुठे करायची?’ म्हणून मोकळे होतात. सायकॉलॉजिस्टने तिथे त्यांच्याच भाषेत सांगायला हवं की कागद घरी नेऊन वाचा, सही आजच करायलाच हवी असं नाही, आणि तपासणीचा निष्कर्ष पटला नाही तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून शाळेच्या खर्चाने परत तपासणी मागता येते. ती मागणी नाकारायची तर आपली तपासणी योग्य होती हे सुनावणीत दाखवायची जबाबदारी शाळेवर येते.