रायफल देखभालीची अवजारे

रायफल बाळगणाऱ्याने किंवा नेमबाजाने स्वतः करायची साफसफाई आणि किरकोळ उघडजोड यांसाठी लागणारी साधने. नळीत घालायचा गज, त्याच्या टोकाला बसणारे ब्रश व जॅग (चिंदी धरून नळीत ढकलणारे टोक), चिंद्या, द्रावण, तेल, बोअर गाइड, योग्य पात्याचे स्क्रूड्रायव्हर, पंच, पितळी हातोडी आणि टॉर्क पाना (ठरावीक ताणापर्यंतच स्क्रू आवळणारा पाना) ही त्यांतली मुख्य. यादी लहान आहे, पण निवड मापाची आणि धातूची आहे. .२२ (इंच व्यासाच्या नळीच्या) रायफलची नळी तर गोळ्यांनी झिजण्याआधी निष्काळजी सफाईनेच बिघडण्याची शक्यता जास्त.

कोणत्याही कामाआधी मॅगझिन काढणे, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) उघडणे, चेंबर (काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग) डोळ्यांनी व बोटाने तपासणे आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवणे याला पर्याय नाही.

गज एकसंध असावा. तुकडे जोडून होणाऱ्या गजाचे सांधे नळीच्या आतल्या पिळदार चरांना घासतात. त्यामुळे प्लास्टिकचे आवरण असलेला पोलादी किंवा कार्बन फायबरचा गज चांगला. तो शक्यतो चेंबरच्या बाजूने घालावा. गोळी नळीतून सुटते ती शेवटच्या कडेवरून. ही कडा एका बाजूने जरी झिजली तरी गोळी भरकटते. बोअर गाइड गजाला नळीच्या मध्यावर धरून ठेवतो, आणि द्रावण मागे ट्रिगरमध्ये किंवा लाकडी दस्त्यात झिरपू देत नाही.

द्रावण गोळीच्या धातूनुसार घ्यावे. तांब्याचे आवरण असलेल्या गोळ्या नळीत तांबे सोडतात. ते काढायला अमोनियायुक्त द्रावण लागते आणि चिंदी निळी-हिरवी होऊन बाहेर येते. पितळी जॅग किंवा ब्राँझचा ब्रश वापरला तर हाच रंग त्यांच्यापासूनही येतो आणि साफ झालेली नळी उगाच घासली जाते. म्हणून अशा द्रावणाबरोबर नायलॉनचा ब्रश बरा. .२२ च्या साध्या शिशाच्या गोळीला हे द्रावण लागतच नाही. एअर रायफलमध्ये तर सफाईसाठीच्या फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्या पुरतात. तीव्र द्रावणाने तिची रबरी सीले खराब होऊ शकतात. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे महाराष्ट्रात रायफल ओळखीची झाली ती याच दोन प्रकारांतून. नव्या नेमबाजाने म्हणूनच मोठ्या रायफलचा किट विकत घेण्याची घाई करू नये.

ली-एनफिल्ड .३०३ या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलची व्यवस्था आजही अभ्यासण्याजोगी आहे. तिच्या दस्त्याच्या टोकाला पितळी झाकण असते. आतल्या पोकळीत तेलाची कुपी आणि पुल-थ्रू बसतो. पुल-थ्रू म्हणजे एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी. वजन चेंबरमधून सोडायचे, दोरीच्या फाशात ४ × २ इंचांची फ्लॅनेलची चिंदी अडकवायची आणि सरळ ओढायचे. दोरी तिरकी ओढली की ती नळीच्या तोंडाशी खाच पाडते. अशा झिजलेल्या रायफली कमी नाहीत. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतून (ठिणगी पाडणाऱ्या प्रायमरमधून) पोटॅशियम क्लोराइड हा क्षार नळीत राहत असे. तो मिठासारखा हवेतला ओलावा ओढतो आणि तेलात विरघळत नाही. म्हणून सैनिक नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतत, नळी कोरडी करत आणि मगच तेल लावत.

उघडजोडीत सर्वांत जास्त नुकसान करतो तो घरातला निमुळत्या पात्याचा स्क्रूड्रायव्हर. तो खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकतो, निसटतो आणि खाच फाडतो. बंदुकीसाठीच्या स्क्रूड्रायव्हरचे पाते समांतर कडांचे असते आणि खाच लांबी-रुंदीने पूर्ण भरते. मात्र अवजार बरोबर असूनही क्रम चुकू शकतो. एसएमएलई या ली-एनफिल्डच्या जुन्या प्रकारात दस्ता जोडणाऱ्या लांब बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड न काढता तो बोल्ट फिरवला तर लाकूड चिरते. दस्ता आणि नळीचा भाग जोडणारे स्क्रू निर्मात्याने दिलेल्या ताणापर्यंतच, टॉर्क पान्याने आवळावेत. ताण बदलला की नेम बदलतो.

हेडस्पेस, म्हणजे बोल्टचे तोंड आणि चेंबरमधली काडतूस टेकण्याची जागा यांतले अंतर, गेजनेच (ठरावीक मापाच्या तुकड्याने) तपासतात. हे काम, तसेच ट्रिगरची जुळणी, जाणकार आर्मररकडेच (बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच) द्यावी. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक दुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो, आणि कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करणे गुन्हा आहे. परवानाधारकाच्या घरच्या पेटीत त्यामुळे सफाईची आणि स्क्रू आवळण्याची अवजारे असावीत. कानस आणि करवत नसावी.