अंगभर चव घेणारा मासा उपाशी का राहतो?

"सकर टाकीतली घाण खाऊन जगतो, त्याला वेगळं खायला घालावं लागत नाही." संभाजीनगर असो की नांदेड, मासे विकत घेणाऱ्याला हे हमखास ऐकवलं जातं, आणि ते साफ चूक आहे. सकर हा कॅटफिश, म्हणजे मिशांच्या माशांपैकी एक. तो विष्ठा खात नाही, आणि लहान टाकीतलं शेवाळ त्याला फार काळ पुरत नाही. पोट आत गेलं की मालक वरून तरंगते दाणे टाकतो, मासा ढुंकूनही पाहत नाही, मग "हा खातच नाही" असं ठरतं.

आपल्या गोदावरीतला शिंगाळा आठवा. त्याच्या लांब मिशा शोभेच्या नाहीत. गढूळ पाण्यात आणि रात्री डोळ्यांचा उपयोग थोडाच, म्हणून कॅटफिशच्या मिशांवर, ओठांवर, पुष्कळ जातींत तर सगळ्या कातडीवर स्वादकलिका, म्हणजे चव ओळखणारे सूक्ष्म अवयव असतात. माणसाच्या तोंडात त्या काही हजार, तर अमेरिकेतल्या चॅनेल कॅटफिशच्या अंगावर लाखाहून जास्त! अन्नातून पाण्यात विरघळणारी अ‍ॅलनिन, आर्जिनिनसारखी अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) त्या ओळखतात.

खरी गंमत पुढे आहे. बाहेरच्या स्वादकलिकांचा निरोप चेहऱ्याच्या चेतातंतूमार्गे मेंदूच्या एका खंडात जातो, घशातल्या कलिकांचा मुख्यतः व्हेगस नावाच्या चेतातंतूमार्गे दुसऱ्या खंडात. 1971 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पहिला खंड काढलेल्या माशांना अन्न शोधून उचलता येईना. दुसरा काढलेले मासे अन्न तोंडात घेत, पण गिळता येत नसे. म्हणजे 'सापडणं' आणि 'गिळणं' हे दोन वेगळे निर्णय आहेत. तुमचा मासा कशावर अडलाय ते बघा. गोळीपर्यंत पोचतच नाही, की तोंडात घेऊन थुंकतो? थुंकत असेल तर खाद्य बदला.

पोचतच नसेल तर आधी पाण्याकडे पाहा. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम डिटर्जंटनेही कॅटफिशच्या स्वादकलिका झिजतात, हे 1965 मध्येच दाखवलं गेलंय. टाकी साबणाने अजिबात घासू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे आज नळाचं, उद्या बोअरचं, परवा टँकरचं पाणी. ते एकदम न बदलता थोडं थोडं बदला. पाणी 20 अंशांवरून 30 वर गेलं की त्यात मावणारा ऑक्सिजन लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅमवरून साडेसातवर येतो, तेव्हा एअरपंप चालूच ठेवा.

"माशाने अन्न सोडलं म्हणजे घरावरचं संकट स्वतःवर घेतलं" असं म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांचा मला राग येतो. त्या माशाला कुजलेल्या अन्नातून पाण्यात आलेला अमोनिया जाळत असतो आणि पाणी बदलणं आपल्या हातात असतं. भूक वाढवणाऱ्या महागड्या थेंबांचीही गरज नाही.

दिवे बंद झाल्यावर तळाला बसणारी गोळी टाका. सकरसाठी उकळत्या पाण्यातून काढलेली दोडक्याची किंवा काकडीची चकती दगडाला बांधून सोडा. लपायला मडक्याचा तुकडा द्या. नवा मासा काही दिवस खात नाही, त्याने घाबरू नका, पण उरलेलं अन्न सकाळी न चुकता काढा, नाहीतर तेच कुजून पुन्हा अमोनिया होईल.