अकिकिकी आणि आपल्या गटारातला डास

हवाई द्वीपसमूहातील काउआई बेटाच्या माथ्यावर अलाकाई नावाचे दलदलीचे, धुक्याने भिजलेले पठार आहे. तेथील ओहिआ वृक्षांच्या खोडांवरून कधी वर, तर कधी डोके खाली करून सरकत सालीखालचे किडे टिपणारा अकिकिकी हा जेमतेम १३ सेंटिमीटरचा करडा-पांढरा पक्षी जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. हिवाळ्यात सह्याद्रीत उतरणारा गुलाबी फिंच त्याचा दूरचा भाऊबंद, कारण हवाईतील या साऱ्या पक्षिकुलाचे पूर्वज लाखो वर्षांपूर्वी आशियातूनच समुद्र ओलांडून तेथे पोहोचले.

त्या बेटांवर डास नव्हते. १८२६ साली एका जहाजावरील पाण्याच्या पिंपांतून ते माउई बेटावर उतरले, असे मानले जाते. हा डास आपल्या पूर्ण ओळखीचा आहे: तुंबलेल्या गटारांत वाढणारा आणि आपल्याकडे हत्तीरोग पसरवणारा क्यूलेक्स. हवाईत तो पक्ष्यांचा हिवताप पसरवतो. माणसाला या परजीवीची बाधा होत नाही. पण ज्या पक्ष्यांना पिढ्यान्‌पिढ्या या रोगाची ओळखच नव्हती, त्यांच्यापाशी प्रतिकारशक्ती कोठून असणार? इइवी या तेथीलच लाल पक्ष्यावरील प्रयोगात एका डासाच्या दंशाने दहापैकी नऊ पक्षी दगावले.

तरीही अकिकिकी टिकला, तो थंडीच्या आधारावर. तापमान सुमारे १३ अंश सेल्सिअसखाली गेले की डासाच्या शरीरात या परजीवीची वाढ थांबते, आणि त्यामुळे उंचावरची राने दीर्घकाळ सुरक्षित राहिली. हवा तापू लागली तशी रोगाची सीमा वर सरकली. मात्र काउआईचे सर्वोच्च शिखर १,६०० मीटरही भरत नाही. पक्ष्याला आणखी वर जायला डोंगरच उरला नाही. २०१८ साली सुमारे ४५० असलेले अकिकिकी २०२१ मध्ये ४५ वर आले, आणि २०२३ मध्ये रानात अवघे पाच उरल्याचा अंदाज होता. इतक्या वेगाने एखादी जात आपल्या डोळ्यांदेखत विरून जावी, हे मला फार अस्वस्थ करते.

सुदैवाने २०१५ पासून उंच झाडांना शिड्या लावून आणलेल्या अंड्यांतून काही पक्षी बंदिवासात वाढवले गेले. रानातल्या डासांवर आता वोल्बाकिया या जिवाणूचा प्रयोग सुरू आहे: वेगळ्या प्रकारचा वोल्बाकिया बाळगणारे नर सोडले की त्यांच्याशी जुगलेल्या माद्यांची अंडी उबत नाहीत, आणि नर तर चावतच नाहीत. अलाकाईतले डास पुरेसे घटेपर्यंत अकिकिकीला डासांपासून राखलेल्या पिंजऱ्यांतच राहावे लागेल.