पार्श्वभूमी: मॅट्रिक्सची मूलभूत सममित फलने आणि सहगुणकांवरचा निकाल

वर्गसमीकरणाच्या मुळांची बेरीज आणि गुणाकार सहगुणकांवरून सांगता येतो, हे दहावीच्या बीजगणितात येऊन जाते. त्याची उजळणी येथे करत नाही. मुळे दोनाहून अधिक असली की त्यांतून एकेक, दोन-दोन, तीन-तीन निवडून गुणाकार करायचे आणि प्रत्येक प्रकारच्या गुणाकारांची बेरीज घ्यायची. या बेरजांना मूलभूत सममित फलने म्हणतात. अधिक-उणे चिन्हाचा फरक सोडला, तर समीकरणाचे सहगुणक म्हणजे हीच फलने. मॅट्रिक्सच्या, म्हणजे ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या चौकटीच्या, बाबतीत मुळांची जागा आयगेन मूल्ये घेतात (काही विशिष्ट दिशांना मॅट्रिक्स केवळ ज्या पटीने ताणते वा आखडते, त्या संख्या). तेथे पहिले फलन म्हणजे ट्रेस (मुख्य कर्णावरील संख्यांची बेरीज) आणि शेवटचे म्हणजे निश्चयक. मधल्या फलनांना असे रुळलेले नाव नाही, आणि पाठ्यपुस्तकांत ती बहुधा एका ओळीत उरकली जातात. त्यांचे महत्त्व पुढील गोष्टीत आहे. मॅट्रिक्समधील त्याच क्रमांकांच्या ओळी आणि स्तंभ ठेवून बाकीचे गाळले, की लहान ‘मुख्य’ निश्चयक मिळतात. ठरावीक आकाराच्या अशा सर्व निश्चयकांची बेरीज केली, तर त्या क्रमांकाचे सममित फलन हाती येते. म्हणजे एकही आयगेन मूल्य न काढता, केवळ बेरीज-गुणाकाराने, सर्व आयगेन मूल्यांविषयीची नेमकी माहिती मिळते. या विषयाचा इतिहास हा मुख्यतः या माहितीचे पुढे काय करावे, याविषयीच्या मतभेदाचा इतिहास आहे.

आरंभीचा काळ थोडक्यात सांगता येतो. धन मुळांपुरता मुळे-सहगुणक संबंध १६१५ साली, त्याच्या कर्त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या लेखनात आला. ऋण आणि काल्पनिक मुळांसह तो १६२९ साली नेदरलँड्समध्ये मांडला गेला, आणि त्याच ठिकाणी मुळांच्या चौथ्या घातापर्यंतच्या बेरजाही सहगुणकांत दिलेल्या होत्या. कोणत्याही घातासाठीचा नियम १७०७ साली सिद्धतेशिवाय छापला गेला. तोच आज न्यूटनची नित्यसमानता म्हणून ओळखला जातो आणि पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

हे सारे समीकरणांपुरते होते. मॅट्रिक्स हा शब्द १८५० साली आला, परंतु आपण आज ज्याला आयगेन मूल्यांचे समीकरण म्हणतो ते त्याच्या कितीतरी आधी खगोलशास्त्रात वापरात होते. ग्रहांच्या कक्षा एकमेकांच्या आकर्षणाने शतकानुशतके हळूहळू कशा बदलतात, हा तेथील प्रश्न होता. युग किंवा शतक या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्या समीकरणाला ‘सेक्युलर समीकरण’ म्हटले गेले. राजकारणातून आपल्या कानावर पडणाऱ्या सेक्युलर या शब्दाच्या अर्थाशी येथे संबंध नाही. १८४० साली एका फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने त्या वेळी ज्ञात असलेल्या सात प्रमुख ग्रहांसाठी हे समीकरण मांडले. सहा वर्षांनी नेपच्यूनचे स्थान गणिताने सांगितले ते याच माणसाने. मॅट्रिक्सचा पहिला घात, दुसरा घात असे क्रमाने काढून त्यांचे ट्रेस घ्यायचे, आणि न्यूटनची नित्यसमानता उलटी चालवून त्या ट्रेसवरून सहगुणक मिळवायचे, ही रीत त्याच्या नावाने लेव्हेरिए रीत म्हणून ओळखली जाते.

ही रीत छोट्या उदाहरणात पाहणे उपयोगी आहे. समजा, तीन ओळी आणि तीन स्तंभ असलेल्या एका मॅट्रिक्सचा ट्रेस ६, तिच्या वर्गाचा ट्रेस १४ आणि घनाचा ३६ आहे. पहिले सममित फलन ६. दुसऱ्याची दुप्पट म्हणजे ६ चा वर्ग वजा १४, अर्थात २२. म्हणून दुसरे फलन ११. तिसऱ्याची तिप्पट म्हणजे ११ गुणिले ६, त्यातून ६ गुणिले १४ वजा, त्यात ३६ अधिक: ६६ वजा ८४ अधिक ३६, अर्थात १८, म्हणून तिसरे फलन, म्हणजेच निश्चयक, ६. येथे कोठेही समीकरण सोडवावे लागले नाही. (आयगेन मूल्ये १, २ आणि ३ आहेत, हे वाचकाने ताडून पाहावे.) या उदाहरणातील दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात: टप्प्याटप्प्याने २ ने, ३ ने भागावे लागते, आणि मोठ्या संख्यांतून मोठ्या संख्या वजा कराव्या लागतात. पुढे वाद झाला तो याच दोन बाबींवरून.

१८५८ साली इंग्लंडमध्ये मॅट्रिक्सच्या बीजगणितावर पहिला विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. मॅट्रिक्स स्वतःच आपल्या समीकरणाचे समाधान करते, म्हणजे सममित फलने सहगुणक म्हणून घेऊन लिहिलेल्या बहुपदीत चलाच्या जागी मॅट्रिक्स घातली तर उत्तर शून्य येते, हे त्यात सांगितले होते. निबंधकाराने आकार २ साठी ते करून दाखवले, ३ साठी पडताळल्याचे सांगितले, आणि व्यापक सिद्धतेचे श्रम घेण्याची आवश्यकता आपल्याला वाटली नाही असे लिहिले. दुसऱ्या एका गणितीने १८५३ साली क्वाटर्निअनांच्या (चार घटकांच्या संख्यांच्या) संदर्भात एक विशेष रूप दिलेले असल्यामुळे प्रमेयाला केली-हॅमिल्टन असे जोडनाव मिळाले. सर्व आकारांसाठीची सिद्धता मात्र १८७८ साली जर्मन भाषेत आली आणि ती देणाऱ्याचे नाव या प्रमेयाच्या नावात नाही. प्रमेय ज्याच्या सिद्धतेवर उभे आहे, त्याला त्यात स्थान असायला हवे होते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

विसाव्या शतकात लेव्हेरिए रीत पुन्हा पुन्हा नव्याने सापडत गेली. १९३५ साली अमेरिकेत ती मांडली गेली. १९४८ आणि १९४९ साली फ्रान्स, सोव्हिएत संघ आणि अमेरिकेत तिचे सुधारित रूप एकमेकांपासून स्वतंत्रपणे पुढे आले. त्या रूपात सहगुणकांबरोबर व्यस्त मॅट्रिक्सही जाता जाता मिळते. एकाच गोष्टीचा इतक्या ठिकाणी शोध लागावा, याचे कारण त्या दशकातील गरज होती. विजेवर चालणारी गणनयंत्रे येऊ घातली होती आणि यांत्रिकपणे चालवता येईल अशी रीत सर्वांनाच हवी होती.

त्यानंतरच्या पंधरा वर्षांत या रीतीविरुद्ध जो निकाल लागला, त्याचा ठसा आजच्या अध्यापनावरही आहे, म्हणून त्याकडे सविस्तर पाहिले पाहिजे. ब्रिटनमधील सुरुवातीच्या संगणकांवर काम करणाऱ्या एका गणितीने १ ते २० या पूर्णांकांना मुळे मानून विसाव्या घाताची बहुपदी घेतली. तिचे पहिले सममित फलन २१०, म्हणून एकोणिसाव्या घाताचा सहगुणक उणे २१०. या एका सहगुणकात २ च्या तेविसाव्या घाताने १ ला भागून येणाऱ्या संख्येइतका, म्हणजे सुमारे ०.००००००१२ एवढा बदल केला, तर वीसपैकी दहा मुळे वास्तव राहतच नाहीत. ती पाच संमिश्र जोड्यांत जातात, आणि २० हे मूळ २०.८ च्या पुढे सरकते. मुळे एकमेकांपासून नीट अंतरावर असूनही असे घडते. यावरून असा निष्कर्ष निघाला की आयगेन मूल्ये हवी असतील तर सहगुणकांच्या वाटेने जाऊ नये. लेव्हेरिए रीतीचा दोष त्याहून वरचढ ठरला. मॅट्रिक्सच्या वरच्या घातांवर सर्वांत मोठ्या आयगेन मूल्याचे वर्चस्व असते, त्यामुळे लहान मूल्यांविषयीची माहिती ट्रेसच्या शेवटच्या अंकांत दडते, आणि नित्यसमानतेतील वजाबाक्यांत नेमके तेच अंक पूर्णांकनामुळे (ठरावीक अंकांपुढचे अंक सोडून देण्यामुळे) पुसले जातात. शिवाय खर्चही मोठा होता: आकार दुप्पट झाला की गुणाकार सुमारे सोळा पट होतात. १९५९ ते १९६१ या काळात इंग्लंडमध्ये आणि सोव्हिएत संघात स्वतंत्रपणे आयगेन मूल्ये काढण्याची क्यूआर रीत सापडली. ती सहगुणकांना स्पर्शही करत नाही, आणि आकार दुप्पट झाला तर तिचे काम साधारण आठ पट होते. प्रश्न तेथेच मिटल्यासारखा झाला. आता तर उलटे चालते: बहुपदीची मुळे हवी असतील, तर त्या बहुपदीचे सहगुणक एका विशिष्ट मॅट्रिक्समध्ये मांडून तिची आयगेन मूल्ये काढतात.

हा निकाल त्याच्या क्षेत्रात योग्य होता, याविषयी शंका नाही. आक्षेप आहे तो त्याच्या अतिविस्ताराला. सहगुणकांवरून मुळे काढणे धोक्याचे आहे, आणि ट्रेसवरून सहगुणक काढणे हे पूर्णांकन करणाऱ्या यंत्रावर धोक्याचे आहे, या दोन विधानांचे ‘सहगुणक निरुपयोगी आहेत’ असे तिसरे विधान अनेक अभ्यासक्रमांत होऊन बसले. पूर्णांकन नसलेल्या, अचूक गणितात हे चित्र पार बदलते. १९७६ साली असे दाखवण्यात आले की एकाच वेळी काम करणारे पुरेसे प्रोसेसर उपलब्ध असतील, तर मॅट्रिक्सचा निश्चयक आणि व्यस्त तिच्या आकाराच्या लॉगरिदमच्या वर्गाच्या प्रमाणातील पायऱ्यांत मिळू शकतात. आणि त्यासाठी वापरलेली रीत होती १८४० चीच. नेहमीच्या लोपनाच्या रीतीत एक पायरी संपल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही, घात आणि त्यांचे ट्रेस मात्र शेजारी-शेजारी काढता येतात. भागाकाराची अडचण तेथेही होती: ज्या संख्याव्यवस्थेत २ किंवा ३ ही संख्या शून्याइतकीच असते, तेथे वरच्या उदाहरणातील भागाकार करता येत नाही. १९८४ साली १९४२ च्या एका जुन्या रीतीच्या आधारे ही अडचण भागाकाराशिवाय दूर झाली.

मुळे न काढता फलनेच थेट वापरण्याची परंपरा दुसरीकडे अखंड चालू होती. १८९३ सालच्या एका असमानतेनुसार, ज्या सममित (कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारख्याच असलेल्या) मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये ऋण नाहीत, तिचा निश्चयक कर्णावरील संख्यांच्या गुणाकारापेक्षा मोठा नसतो. प्रत्येक लहान मुख्य निश्चयकाला हीच असमानता लावून बेरीज केली, तर आयगेन मूल्यांचे प्रत्येक सममित फलन हे कर्णावरील संख्यांच्या त्याच फलनापेक्षा मोठे नसते, असे लगेच दिसते. यामागचे व्यापक कारण १९२३ साली स्पष्ट झाले. रबराच्या स्थितिस्थापकतेत १९४० पासून विकृतीची (ताणल्यामुळे होणाऱ्या आकारबदलाची) पहिली दोन फलने ऊर्जेच्या सूत्रात वापरली जातात, कारण अक्ष फिरवले तरी ती बदलत नाहीत. संख्याशास्त्रात अनेक चलांच्या सरासऱ्या एकदम ताडून पाहण्याची १९३२ ची कसोटी निश्चयकांच्या गुणोत्तरावर आधारलेली होती, तर एका भारतीय संख्याशास्त्रज्ञाने १९५५ साली दिलेली, आज पिल्लै ट्रेस म्हणून बहुतेक संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये आढळणारी कसोटी पहिल्या फलनावर बेतलेली आहे.

अलीकडच्या काळात मधल्या फलनांचे दिवस खऱ्या अर्थाने पालटले. २०१३ साली ज्या सिद्धतेने १९५९ पासूनचा एक प्रसिद्ध प्रश्न सुटला, तिच्यात यादृच्छिक मॅट्रिक्सच्या बहुपद्यांची सरासरी घेतलेली आहे. आयगेन मूल्यांची सरासरी हाताळणे कठीण असते. सहगुणक हे लहान निश्चयकांच्या बेरजा असल्यामुळे त्यांची सरासरी सूत्रात बसते. २०११ पासून यंत्रशिक्षणात, मोठ्या संचातून एकमेकांसारख्या नसलेल्या ठरावीक संख्येच्या वस्तू निवडण्यासाठी एक संभाव्यता-प्रतिमान वापरले जाते. त्यातील प्रत्येक निवडीची संभाव्यता एका लहान मुख्य निश्चयकाच्या प्रमाणात असते, आणि सर्व संभाव्यतांची बेरीज १ यावी म्हणून ज्या संख्येने भागायचे ती त्या क्रमांकाचे सममित फलन असते. प्रयोगांच्या आखणीतही २०१७ साली ही फलने आली. तेथे निश्चयकावर आधारलेला निकष आणि व्यस्त मॅट्रिक्सच्या ट्रेसवर आधारलेला निकष अशा दोन जुन्या पद्धती होत्या. व्यस्ताचा ट्रेस म्हणजे शेवटून दुसऱ्या फलनाला शेवटच्याने भागून येणारी संख्या असल्यामुळे, दोन्ही निकष एकाच मालिकेत बसवता आले.

या नव्या उपयोगांत गणनेची दिशा १८४० च्या उलट आहे. आधी विश्वासार्ह रीतीने आयगेन मूल्ये काढतात, मग एकेक मूल्य जमेस धरत तक्ता भरत जातात: नवे फलन म्हणजे जुने फलन अधिक नवे मूल्य गुणिले त्याआधीच्या क्रमांकाचे फलन. आयगेन मूल्ये ऋण नसतात तेव्हा या तक्त्यात एकही वजाबाकी येत नाही, म्हणून अंक पुसले जात नाहीत, आणि सहगुणकांवर ज्या दोषासाठी ठपका ठेवला गेला तो येथे उद्भवतच नाही.