संमीलन-प्लाझ्मातील धूळ

केंद्रकीय संमीलनासाठी (हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवण्यासाठी) चुंबकीय क्षेत्रात कोंडलेल्या प्लाझ्मात (आयनद्रायूत) शिरणारे भिंतीचे घन कण. टोकामॅकच्या (असा प्लाझ्मा कोंडणाऱ्या वलयाकार यंत्राच्या) आतल्या भिंतीवरच्या टंगस्टन, कार्बन वा बेरिलियमपासून ते तयार होतात. साचलेल्या थराचा पापुद्रा सुटतो, भिंतीवर विद्युत ठिणगी पडते, किंवा प्लाझ्मा एकाएकी कोलमडून धातू वितळतो आणि त्याचे थेंब उडतात. बहुतेक कण नॅनोमीटरपासून काही डझन मायक्रॉनपर्यंतचे असतात.

प्लाझ्मात पडताच कण विद्युतभारित होतो. इलेक्ट्रॉन आयनांपेक्षा फार वेगवान, म्हणून तेच आधी आदळतात आणि कण ऋण होतो. 10 इलेक्ट्रॉनव्होल्ट (सुमारे एक लाख अंश) तापमानाच्या काठच्या प्लाझ्मात 10 मायक्रॉन व्यासाच्या कणावर सुमारे 80–90 हजार जादा इलेक्ट्रॉन बसतात. कण फार तापला की तोच इलेक्ट्रॉन सोडू लागतो. मग भार धनही होऊ शकतो.

ऋणभारित धूळ नाशिकला नवी नाही. एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रात कोळशाची राख ईएसपीत (विद्युतभाराने धूळ गोळा करणाऱ्या यंत्रात) पकडतात : उच्च विद्युतदाबाच्या तारांजवळ राखेच्या कणांना ऋणभार मिळतो, ते पत्र्यांना चिकटतात आणि हातोड्यांच्या ठोक्यांनी खाली हॉपरमध्ये पडतात. तिथे भारच कणाला ओढून नेतो. टोकामॅकमध्ये तसे होत नाही, आणि या विषयाचे खरे मर्म इथेच आहे. कण भारित असूनही चुंबकीय क्षेत्र त्याला धरू शकत नाही. 2 टेस्ला क्षेत्रात सेकंदाला 10 मीटर वेगाने जाणाऱ्या तेवढ्याच कार्बनकणाच्या घिरट्यांची त्रिज्या शेकडो मीटर येते. यंत्र मात्र काही मीटरांचेच. कणाला हाकतो तो आयनांचा वारा. काठच्या प्लाझ्मात त्याचा रेटा अशा कार्बनकणाच्या वजनाच्या जवळपास शंभरपट, तर टंगस्टनकणाच्या दहापट असू शकतो. म्हणून कण वलयाच्या दिशेने पळतो, सेकंदाला दहा ते शेकडो मीटर वेग घेतो आणि वळणावर सरळ जाऊन भिंतीवर आदळतो. एका बाजूने जास्त वाफ झाली तर अग्निबाणासारखा उलटा धक्काही बसतो.

अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरखालून उडणाऱ्या ठिणग्यांसारख्याच तेजस्वी रेघा वेगवान कॅमेऱ्यात दिसतात. फरक एवढाच, की तिथली ठिणगी हवेतल्या ऑक्सिजनने पेटते आणि इथला कण प्लाझ्माच्या उष्णतेने.

कण गाभ्याजवळ वितळून-वाफाळून गेला तर प्लाझ्मा दूषित होतो. टंगस्टन याबाबतीत फार घातक : दहा हजार आयनांमागे एखादा अणू जमला तरी प्रारणाने गाभा थंडावू लागतो. धुळीत ट्रिटियमही (संमीलनाचे इंधन असलेला किरणोत्सर्गी हायड्रोजन) मुरतो, आणि तापलेल्या धुळीवर पाण्याची वाफ आली तर स्फोटक हायड्रोजन निघतो. भारत भागीदार असलेल्या फ्रान्समधील ईटर यंत्रासाठी म्हणूनच पात्रातील धुळीची मर्यादा 1000 किलोग्रॅम ठरवलेली आहे. तिथे पहिल्या भिंतीसाठी बेरिलियमऐवजी टंगस्टन वापरण्याचे 2023 मध्ये जाहीर झाले. भेगांत आणि डायव्हर्टरखाली (प्लाझ्मातील उष्णता व कचरा बाहेर काढणाऱ्या तळच्या भागाखाली) साचलेली धूळ ठोकून पाडता येत नाही. यंत्र थांबवून, डायव्हर्टरचे भाग बदलताना, दूरनियंत्रित अवजारांनी ती शोषून काढावी लागते.